गाणं बदललं की आवाज का बदलतो?

या वेळच्या पत्रांत एकच तक्रार वेगवेगळ्या तोंडांनी आली, गाणी सगळी एका ठिकाणी आहेत पण प्रत्येकाचा आवाज वेगळा. म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या अंकासाठी ठेवून आज हाच विषय घेतोय.

प्रश्न: नमस्कार दादा. आमच्याकडे गाणी भरपूर आहेत आणि आता सगळी एका हार्ड डिस्कवर आहेत. ह्यांनी हौसेने जुन्या रेकॉर्डी कॉम्प्युटरवर उतरवल्या, मग सीडीवरची भरली, नंतर मुलांनी नवीन सिनेमांची टाकली. रविवारी सकाळी मी सगळी मिसळून लावते. जुनं नाट्यगीत लागलं की आवाज इतका बारीक की स्वयंपाकघरात ऐकूच येत नाही, म्हणून मोठा करावा तर पुढचं नवीन गाणं असं अंगावर येतं की हातातलं टाकून पळत जावं लागतं. भाचा म्हणाला ऑडासिटी नावाच्या आवाज संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकून नॉर्मलाइज कर, थोडी गाणी त्याने करूनही दिली, पण फरक काहीच पडला नाही. काय करू?
(एक वाचक, नौपाडा, ठाणे)

उत्तर: काकू, भाच्याची धडपड बरोबर आहे, फक्त ते बटण वेगळ्या कामाचं आहे. 'नॉर्मलाइज' काय करतं, तर फाइलमधलं सगळ्यात उंच टोक शोधतं आणि तेवढं टोक वरच्या मर्यादेला नेऊन टेकवतं, बाकीचं गाणं त्याच्या मागोमाग तेवढंच वर सरकतं. आपल्या कानाला मात्र एका टोकाशी काही देणंघेणं नसतं, कान सगळ्या गाण्याचा मिळून अंदाज घेतो.

खात्री करायची असेल तर ते नाट्यगीत ऑडासिटीत उघडा आणि नुसतं बघा. तीन-सव्वातीन मिनिटांची निळी पट्टी दिसेल, बऱ्यापैकी बारीक, आणि मध्येच कुठेतरी एक सरळ उभी काडी दिसेल, अगदी वरपासून खालपर्यंत. तिथे झूम करून वाजवलंत तर 'टक्' असं ऐकू येईल, सुई ओरखड्यावरून गेली तो हा आवाज. ती काडी आधीच छताला टेकलेली असते, त्यामुळे सॉफ्टवेअर म्हणतं की आता वर जायला जागाच नाही, आणि गाणं आहे तिथेच राहतं. आता शेजारी नवीन सिनेमाचं गाणं उघडा. पहिल्या सेकंदापासून शेवटपर्यंत पट्टी ठासून भरलेली, कारण स्टुडिओत लिमिटर लावून टोकं दाबतात आणि मग सगळंच वर उचलतात. १९९० नंतरच्या सीडीच्या काळात आपलं गाणं शेजारच्यापेक्षा मोठं वाजलं पाहिजे अशी चढाओढ जगभर लागली, तिचाच हा परिणाम. म्हणजे दोन्ही गाण्यांची टोकं एकाच उंचीवर, पण ऐकायला जमीन-अस्मानाचा फरक.

म्हणून मोजायचं ते टोक नाही, मोजायचा तो कानाला जाणवणारा मोठेपणा, त्याला लाउडनेस म्हणतात. २००१ च्या सुमारास डेव्हिड रॉबिन्सन यांनी 'रीप्लेगेन' नावाची पद्धत मांडली. पुढे २००६ मध्ये आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेने बीएस १७७० हे मोजमापाचं मानक आणलं आणि २०१० मध्ये युरोपातल्या प्रसारकांनी आर १२८ नावाने ते उणे २३ एलयूएफएस या पातळीला बांधून घेतलं. एलयूएफएस म्हणजे लाउडनेसचं एकक, आकडा शून्याकडे जाईल तसं गाणं मोठं. या मोजणीत अगदी खालच्या बासला कमी वजन देतात, वरच्या स्वरांना थोडं जास्त देतात, आणि गाण्यातल्या शांत जागा हिशेबातून वगळतात, त्यामुळे येणारा आकडा आपल्या कानाशी बऱ्यापैकी जुळतो.

आता माझं ठाम मत. घरच्या संग्रहातल्या मूळ गाण्याला हात लावू नका. रीप्लेगेनची खरी गंमत हीच आहे की ते गाणं मोजतं आणि फाइलच्या टॅगमध्ये, म्हणजे जिथे गायकाचं आणि चित्रपटाचं नाव असतं तिथेच, एक आकडा लिहून ठेवतं. शिंप्याने कापड न कापता खडूने खूण करावी तसं. वाजवताना प्लेअर तो आकडा वाचतो आणि तेवढा आवाज कमीजास्त करतो. नाही पटलं तर टॅग पुसा, गाणं जसंच्या तसं.

तुमच्या विंडोज कॉम्प्युटरवर फूबार २००० हा फुकट प्लेअर टाका. सगळी गाणी त्यात ओढा, सगळी निवडा, राइट क्लिक, रीप्लेगेन, आणि तिथे 'स्कॅन पर-फाइल ट्रॅक गेन' करा. संग्रह मोठा असेल तर कॉम्प्युटर बराच वेळ घेईल, रात्री लावून झोपलात तरी चालेल. संपलं की 'अपडेट फाइल टॅग्ज' म्हणा. मग प्रेफरन्सेसमध्ये प्लेबॅकखाली रीप्लेगेन सापडेल, तिथे सोर्स मोड 'ट्रॅक' ठेवा आणि प्रोसेसिंगमध्ये 'अप्लाय गेन अँड प्रिव्हेंट क्लिपिंग अकॉर्डिंग टू पीक' निवडा. व्हीएलसी वापरत असाल तर त्याच्याही ऑडिओ सेटिंगमध्ये रीप्लेगेन मोड आहे, तो चालू करावा लागतो. यजमानांनी रेकॉर्डी उतरवल्या त्या फाइली वेव्ह असतील तर आधी फ्लॅक करून घ्या, दर्जा तसूभर कमी होत नाही, जागा कमी लागते, आणि वेव्हमध्ये टॅगचा कायम घोळ असतो तो मिटतो.

आकड्यात सांगतो म्हणजे पुढची अडचण कळेल. आजच्या रीप्लेगेनची पातळी उणे १८ एलयूएफएस आहे. समजा तुमचं नवीन गाणं उणे ८ वर आहे, तर त्याला उणे १० डेसिबल लागेल, ते खाली येईल, प्रश्न मिटला. नाट्यगीत समजा उणे २४ वर आहे, त्याला अधिक ६ डेसिबल हवेत. पण तो मघाचा 'टक्' छताला टेकलेला आहे ना, त्यामुळे क्लिपिंग, म्हणजे टोक छताच्या वर जाऊन आवाज फुटणं, टाळायचं म्हटलं तर प्लेअर ते ६ डेसिबल देणारच नाही, आणि नाट्यगीत पुन्हा बारीकच. यावर दोन उपाय. एक, ऑडासिटीतल्या क्लिक रिमूव्हलने किंवा हाताने तेवढे टक् काढायचे, पण हे नेहमी प्रतीवर करायचं. दुसरा उपाय सोपा आणि मला जास्त आवडतो, फूबारच्या त्याच पानावर प्रीअँप नावाची पट्टी आहे ती रीप्लेगेन असलेल्या आणि नसलेल्या दोन्ही गाण्यांसाठी उणे ६ वर आणा. आता सगळीच गाणी ६ डेसिबल खाली येतील, नाट्यगीताला वर ढकलायची गरज उरणार नाही, आणि अँप्लिफायरचा नॉब एकदाच थोडा वर करून ठेवायचा. सगळ्यांना वर खेचण्यापेक्षा मोठ्यांना खाली आणणं केव्हाही बरं, कारण खाली आणताना काही फुटत नाही.

एक गोष्ट मात्र मनाची तयारी करून ठेवा. रेकॉर्ड वर आली की तिची खरखरही सोबत वर येणार. त्याला इलाज म्हणून नॉइज रिडक्शनचा मारा करू नका. गायकाच्या आवाजातला श्वास, तानेतली धार आणि ऑर्गनचा भाता हे सगळं त्या खरखरीच्याच पट्टीत असतं, ते पुसलं गेलं की गाणं पाण्याखालून आल्यासारखं वाटतं.

प्रश्न: दादा, रोज नेरूळहून ठाण्याला गाडीने येतो. गाण्यांना रीप्लेगेनचे टॅग लावले, फोनवर पॉवरअँप या प्लेअरमध्ये एकदम मस्त वाजतात, पण तीच गाणी पेन ड्राइव्हवर टाकून गाडीत लावली की परत येरे माझ्या मागल्या. गाडीचा स्टिरिओ खराब आहे का?
(एक वाचक, नेरूळ)

उत्तर: स्टिरिओ चांगला आहे हो, त्याला तो टॅग वाचताच येत नाही. गाडीतल्या बहुतेक यंत्रणा यूएसबीवरची फाइल सरळ वाजवतात, रीप्लेगेनकडे बघतही नाहीत. इथे मी वर काकूंना सांगितलेला नियम थोडा सैल करतो, पण फक्त पेन ड्राइव्हवरच्या प्रतीसाठी.

एमपीथ्री फाइल छोट्या छोट्या फ्रेमची बनलेली असते आणि प्रत्येक फ्रेममध्ये 'ग्लोबल गेन' नावाचा एक आकडा असतो, वाजवताना किती जोराने वाजवायचं हे त्यावरून ठरतं. एमपीथ्रीगेन हे सॉफ्टवेअर तेवढाच आकडा बदलतं. गाणं पुन्हा कोड होत नाही, म्हणून दर्जा जात नाही, आणि किती बदललं याची नोंद तिथेच राहते म्हणून उलटंही फिरवता येतं. बदल १.५ डेसिबलच्या पायऱ्यांनीच होतो, त्याहून बारीक नाही, पण गाडीत तेवढा फरक कोणाला कळतोय. फाइल एम४ए असेल तर तशाच कामाचं एएसीगेन आहे. फ्लॅक असेल तर गाडीसाठी एमपीथ्री करून घ्या, नाहीतरी टायरच्या आवाजात तो फरक जाणवत नाही.

एमपीथ्रीगेनमध्ये फोल्डर टाका, टार्गेट ८९ डेसिबल आधीच भरलेलं असतं ते राहू द्या (हे मोजमाप एलयूएफएसपेक्षा वेगळं, इथे आकडा मोठा तेवढं गाणं मोठं), आधी ट्रॅक ॲनालिसिस मग ट्रॅक गेन. नवीन गाण्यांपुढे ९६, ९७, ९८ असे आकडे दिसतील, ती सगळी खाली येतील. मग गाडीत बसलात की पहिल्यांदा वाटेल की सगळंच बारीक झालं, आणि लगेच टार्गेट वाढवायचा मोह होईल. नका वाढवू. स्टिरिओचा नॉब फिरवा, तो त्यासाठीच आहे. टार्गेट ९५ वगैरे केलंत तर जुनी, उघडी, मोकळी रेकॉर्डिंग वर ढकलली जाऊन फुटायला लागतील.

आणखी एक, ठाणे-बेलापूर रोडवर ट्रकांच्या मधून चाललेलं असताना विलंबित ख्यालातली पहिली दहा मिनिटं ऐकू येणार नाहीत म्हणजे नाहीत, कितीही गेन लावा. आवाज सारखा करणं वेगळं आणि एकाच गाण्यातला चढउतार दाबणं वेगळं. असली गाणी पेन ड्राइव्हवर ठेवूच नयेत असं मला वाटतं, ती घरी ऐका. काही गाड्यांमध्ये वेगाप्रमाणे आवाज आपोआप वाढवायची सोय असते, ती सेटिंगमध्ये आहे का बघा, विटाव्याला गाडी थांबली की आवाज आपोआप उतरतो, बरं पडतं.

प्रश्न: काका, मी अकरावीला आहे आणि गाणं शिकते. बाईंनी एका मैफिलीचं रेकॉर्डिंग दिलंय, त्यात एकाच रागाचे आलाप, विलंबित, द्रुत असे वेगळे ट्रॅक आहेत आणि शेवटी भैरवी. भावाने सगळ्याला रीप्लेगेन केलं. आता आलापच इतका मोठा वाजतो की द्रुत सुरू झालं की उलट उतरल्यासारखं वाटतं. मला ऐकताना विचित्र वाटतंय पण का ते सांगता येत नाही.
(एक विद्यार्थिनी, ऐरोली)

उत्तर: बाळा, तुझा कान एकदम बरोबर आहे, आणि का ते सांगता येत नसलं तरी तुला ते जाणवलं ही मोठी गोष्ट आहे. भावाने ट्रॅक गेन केलं. ट्रॅक गेन प्रत्येक ट्रॅकला स्वतंत्र गाणं समजतं आणि सगळ्यांना एकाच उंचीवर आणून उभं करतं. सिनेमाच्या मिसळलेल्या गाण्यांना ते हवंच असतं. पण मैफिलीत आलाप खालच्या आवाजात सुरू होतो, षड्ज हळूहळू लागतो, तबला नंतर येतो, द्रुतमध्ये सगळं भरतं, तो चढ गायकाने ठरवून बांधलेला असतो. ट्रॅक गेनने नेमका तोच सपाट केला.

तुला हवं आहे ते अल्बम गेन. यात सगळे ट्रॅक मिळून एकच मोजणी होते आणि सगळ्यांना सारखाच आकडा लागतो, त्यामुळे मैफिल पूर्ण वरखाली सरकते पण आतला फरक तसाच राहतो. भावाला सांग, सगळ्या ट्रॅकच्या अल्बमच्या रकान्यात एकच नाव लिही, एका अक्षराचाही फरक नको, मग फूबारमध्ये 'स्कॅन सिलेक्शन ॲज अल्बम्स, बाय टॅग्ज' कर. याने ट्रॅकचा आणि अल्बमचा असे दोन्ही आकडे लिहिले जातात. सोर्स मोडमध्ये 'बाय प्लेबॅक ऑर्डर' निवडलं की मिसळून वाजवताना ट्रॅकचा आकडा आणि सलग वाजवताना अल्बमचा आकडा आपोआप घेतला जातो. मॅक किंवा लिनक्स असेल तर आरएसगेन हे छोटं साधन हेच काम करतं.

तुझ्या मैत्रिणी म्हणतील की आम्ही स्ट्रीमिंगवर ऐकतो, तिथे हा त्रास नाही. खरंय, कारण तिथे हेच सगळं पडद्यामागे चाललेलं असतं. स्पॉटिफाय साधारण उणे १४ एलयूएफएसला आणतं आणि अल्बम सलग लावला तर अल्बमचा हिशेब धरतं. यूट्यूब मोठ्याला खाली आणतं, पण बारीक असलेल्याला वर उचलत नाही, म्हणून तिथे जुन्या मैफिली बारीकच राहतात. आयफोनवर साउंड चेक नावाचं बटण आहे तेही याच जातीचं.

आणि हो, कॉम्प्युटरच्या साउंड सेटिंगमध्ये 'लाउडनेस इक्वलायझेशन' असं काही दिसलं आणि चालू असेल तर रियाज ऐकताना आधी बंद कर. ते क्षणाक्षणाला आवाज वरखाली करतं, गायक थांबला की तानपुरा फुगतो, गायक आला की तानपुरा मागे पडतो. रात्री सिनेमा बघताना ठीक, गाणं शिकताना अजिबात नको.

प्रश्न: आमच्या सोसायटीच्या गणपतीत आरत्या आणि भक्तिगीतं लावायचं काम माझ्याकडे आहे. अर्ध्या फाइली व्हॉट्सॲपवर आलेल्या, काही कोणी मोबाइलवर रेकॉर्ड केलेल्या. स्पीकर भाड्याचा, वाजवणार फोनवरून. एखादी आरती एकदम कर्णकर्कश्श होते आणि लहान मुलं दचकतात.
(उत्सव समिती सदस्य, कोपरखैरणे)

उत्तर: इथे फाइलच बदललेली बरी, कारण ऐन वेळी कोणाचा फोन जोडला जाईल सांगता येत नाही. सगळ्यांची प्रत काढा, ऑडासिटीत उघडा आणि 'नॉर्मलाइज' सोडून त्याच्या जवळच असलेलं 'लाउडनेस नॉर्मलायझेशन' घ्या. आकडा आधी उणे २३ असेल, तो उणे १६ करा. खाली 'ट्रीट मोनो ॲज ड्युअल मोनो' अशी खूण आहे ती असू द्या, मोबाइलवरचं रेकॉर्डिंग बहुतेक मोनो, म्हणजे एकाच चॅनेलचं, असतं आणि ही खूण नसेल तर ते ३ डेसिबलने चुकतं. मग लिमिटर उणे १ डेसिबलला लावून एक्सपोर्ट करा, म्हणजे टाळ-झांजांची टोकं फुटणार नाहीत. आरत्या एका दिवसात होतील, उत्सवाच्या आदल्या रात्रीवर ठेवू नका.

फाइलमधला आकडा आणि मंडपातला आवाज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हेही समितीला सांगून ठेवा. ध्वनी प्रदूषणाच्या २००० च्या नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, रात्र म्हणजे १० ते सकाळी ६, आणि त्या वेळेत उघड्यावर लाउडस्पीकर चालत नाही, सरकारने खास सवलत दिलेले थोडे दिवस सोडून. गाणी सारखी करून घेतली की स्पीकरचा नॉब एकदा ठरवून तिथे चिकटपट्टी लावता येते, मग कोणी येऊन फिरवायचं कारण उरत नाही. वरच्या मजल्यांवर आजारी माणसं असतात, तान्ही बाळं असतात, त्यांच्यासाठी एवढं करायलाच हवं.

प्रश्न: बाबांच्या कॅसेटी कॉम्प्युटरवर घ्यायला बसलोय. रेकॉर्डिंग लेव्हल किती ठेवू? नंतर सारखी करता येते म्हणून कितीही चालेल का?
(एक वाचक, कळवा)

उत्तर: कितीही नाही चालणार. कमी घेतलेलं नंतर वर आणता येतं, फुटलेलं परत जोडता येत नाही. २४ बिटमध्ये (आवाज जास्त बारकाईने नोंदवणारी सेटिंग) घ्या, मग टोकांच्या वर मोकळी जागा सोडून लेव्हल कमी ठेवली तरी चिंता नको, आणि कॅसेटचा सगळ्यात जोराचा भाग आधी वाजवून त्याची टोकं उणे १० डेसिबलच्या आसपास राहतील अशी लेव्हल लावा. एकदा लावली की ए बाजू संपून बी बाजू संपेपर्यंत नॉबला हात लावायचा नाही, गाणं बारीक वाटलं म्हणून मध्येच वाढवलंत तर अल्बमचा सगळा हिशेब बिघडतो. त्याआधी डेकचं हेड कापसाच्या बोळ्याने आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसा, बरीच वर्षं पडून असलेल्या कॅसेटी एकदा पूर्ण पुढे-मागे फिरवून घ्या. घेतलेली मूळ २४ बिट फाइल फ्लॅक करून दोन ठिकाणी ठेवा, तिच्यावर काहीही करू नका, कापाकापी, टक् काढणं, फोनसाठी छोटी फाइल करणं हे सगळं तिच्या प्रतीवर.